होडीचा भाता

"शालनताई, हसायचं न्हाई हं," असं म्हणत मगदूमकाकांनी जुन्या लुंगीच्या फडक्यात गुंडाळलेली वस्तू माझ्या पुढ्यात ठेवली, गाठ सोडली, आणि मी हसलेच. एवढं जपून आणलेलं काय, तर एक गंजका डबा! पानाच्या डब्याएवढा, तेलकट. एका अंगाला बारीक मण्यांची साखळी लोंबत होती आणि आत काळ्या रबराच्या चिंध्या होत्या.

"काका, भंगारवाला पलीकडच्या गल्लीत बसतो. हे पेटीचं दुकान आहे."

"ठाऊक हाय की! म्हणूनच आलोय. ह्याच्यात भाता हुता. तुमच्या पेटीला असतोय तसा. तेवढा करून पायजे."

मिरजेत आमचं हार्मोनियमचं दुकान. पाटी वडिलांच्या नावाची, 'मुकुंद पांचाळ, पेटीवाले' अशी, पण मी सांगतेय त्या वर्षी दुकान मीच बघत होते. नवरा एसटीत कंडक्टर, त्याची बदली मिरज डेपोला झाली, आम्ही इचलकरंजीहून आलो आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकानाच्या किल्ल्या माझ्यापुढे टाकल्या. मी पॉलिश करायची, तुटलेल्या पट्ट्या बदलायची, भात्याला ठिगळ लावायची. सूर लावायचं काम आलं की गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानाची वाट दाखवायची. जीभ माझी आधीपासून फटकळ, त्यात हे असलं काम. दिवसभर मी कुणावर तरी करवादलेलीच असायची.

"हा डबा कशाचा ते तर सांगा," मी म्हटलं.

"होडीचा."

होडी म्हणजे मगदूमकाकांची मोटार. अमेरिकन, लांबलचक, फिकट निळी. गल्लीत वळवायची म्हटली तर लोकांनी दारातल्या सायकली उचलायच्या, म्हणून सगळी मिरज तिला होडी म्हणायची. कुणी अमेरिकन डॉक्टर मायदेशी परत जाताना काकांच्या वडिलांना विकून गेले होते. मग वडील गेले, गाडी वर्षानुवर्षं गोठ्यात कोंबड्यांखाली पडून राहिली. विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचा कारखाना मुलांच्या गळ्यात घालून काका मोकळे झाले आणि त्या गाडीच्या मागे लागले. इंजिन झालं, रंग झाला, सीटा झाल्या. राहिला होता तो हा डबा.

"ह्येला क्रूझ कंट्रोल म्हणत्यात," काका रंगात येऊन सांगायला लागले. "गाडी एका वेगाला आणायची, बटण दाबायचं आणि पाय काढून घ्यायचा. गाडी आपली आपण त्या वेगानं जाती. आता निघाल्यात ती इलेक्ट्रॉनिक. ह्यातलं सगळं काम हवेवर. इंजिन ह्या डब्यातली हवा वढून घेतंय, भाता आकसतोय, भात्याला ही साखळी, आणि साखळी ॲक्सिलेटर वढून धरती. मी पोरगा असताना ते डॉक्टर मला कोल्हापूरच्या रस्त्याला घेऊन गेले हुते. त्यांनी चालत्या गाडीत पायावर पाय टाकला आणि माझ्याकडं बघून डोळा मारला! अजून माझ्या डोळ्यापुढनं ते जात न्हाई."

"मग नवीन यंत्र आणून बसवा की."

"सगळी तेच म्हणत्यात. अहो, आजोबांच्या तोंडात दुसऱ्याची कवळी बसवायची व्हय? गाडीत जे हुतं तेच पायजे. मुंबईचा चोर बाजार पालथा घातला, मिळंना. टायरच्या ट्यूबचा भाता करून बघितला, तो कडक पडतोय. शेवटी म्हटलं, भात्यातलं कळणारा माणूस मिरजेत एकच."

असं म्हणून त्यांनी पायरीकडे बघितलं. पायरीवर अण्णा पाठमोरे बसले होते, नेहमीसारखे.

अण्णांचे कान गेले होते. आधी वरचे बारीक सूर ऐकू येईनासे झाले, मग खालचे, मग माणसांचं बोलणंसुद्धा. डाव्या कानात ओरडलं तर कळायचं. पण कान गेले म्हणून अण्णा बसून राहिले नव्हते. कान जात होते तेव्हा गावातल्या एकाही माणसानं त्यांना ते सांगितलं नाही, म्हणून बसले होते. गिऱ्हाईक यायचं, पेटी वाजवून बघायचं, 'झकास, मेस्त्री!' म्हणायचं आणि तीच पेटी घेऊन तडक दुसऱ्या दुकानात सूर लावून घ्यायला जायचं. का, तर मोठ्या माणसाचा मान राखायचा! वर्षभर हे चाललं. एकदा अण्णा सहज त्या दुकानात गेले, तर यांच्या हातच्या पेट्या तिथे दुरुस्तीला ओळीनं मांडलेल्या. घरी आले आणि आईला म्हणाले, "चुकत हुतं तर चुकतंय म्हणायचं हुतं. मी काय काचेचा हुतो?" त्या दिवसापासून त्यांनी हत्याराला हात लावला नाही. मी तेव्हा सासरी होते, आईनं मला हे नंतर सांगितलं. अण्णांनी पुन्हा कामाला बसावं यापलीकडे मला त्या दिवसांत दुसरं काही नको होतं. पायरीवरची ती पाठ मला बघवायची नाही.

मगदूमकाका पायरीवर जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवून डाव्या कानात ओरडून सगळं पुन्हा सांगितलं. गल्लीतली कुत्री उठून बसली. अण्णांनी डबा फिरवून बघितला, रबराचा वास घेतला, साखळी ओढून बघितली. मी हातातलं पॉलिशचं फडकं तसंच धरून उभी होते.

"ह्यात सूर न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई, मेस्त्री. नुसती हवा."

"करतो," अण्णा म्हणाले आणि उठून आत आले.

मी तोंड फिरवून घेतलं. रडताना दिसले असते तर त्यांनीच मला वेड्यात काढलं असतं.

त्या कामात अण्णांनी जीव ओतला. शेळीचं कातडं आणवलं, पापडासारखं पातळ तासून घेतलं. जाड पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या, घड्या घातल्या. इंजिनच्या उष्णतेला टिकावं म्हणून वरनं रबरी सोल्यूशनचे हात दिले. मला मदतीला घेतलं आणि दिवसभर शिव्या घातल्या. सरस पातळ झाला, घडी तिरकी धरलीस, इचलकरंजीत काय शिकलीस! इतक्या शिव्या खाऊन इतकं बरं वाटलेलं मला दुसरं आठवत नाही.

डब्यावरचं काळं कीट अण्णांनी रॉकेलनं धुऊन काढलं. भाता आत बसवला आणि तपासायला घेतला. पूर्वी ते भाता कानाशी धरून कुठे फुसफुसतंय का ते ऐकायचे. आता त्यांनी गालाला पाणी लावलं आणि डबा गालाशी धरून सावकाश फिरवला. एका जागी थांबले.

"हितं गळतंय."

डब्याच्या मागच्या पितळी पत्र्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. इतके दिवस किटानं बुजलेलं होतं, धुतल्यावर उघडं पडलं.

"झिजून पडलंय," मी त्यांच्या कानात म्हटलं.

"बुजवू की. माझ्या हातनं गळका भाता आजवर भाईर गेला न्हाई."

आणि त्यांनी तापवलेल्या लाखेचा थेंब टाकून, वर कातड्याची टिकली बसवून ते भोक बुजवलं. भाता दाबला, तोंड बोटानं बंद केलं आणि माझ्यापुढे धरला. भाता दाबलेला तो दाबलेलाच राहिला. पेटीच्या धंद्यात ह्याहून मोठं सर्टिफिकेट नाही. अण्णा खुशीत होते, मीही खुशीत होते.

काकांनी डबा गाडीत बसवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच होडी आमच्या दारात आणून उभी केली. "पयल्या फेरीला मेस्त्री फुडं बसणार," त्यांनी जाहीर केलं. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली. शेजाऱ्यांनी सायकली उचलल्या. मी मागच्या सीटवर एकटीच. ती सीट एवढी मोठी, की आमचं सगळं बिऱ्हाड तिच्यावर मावलं असतं.

म्हैसाळच्या रस्त्याला लागलो. रस्ता सरळ, दोन्ही बाजूला ऊस आणि द्राक्षाच्या बागा. गर्दी अशी नव्हतीच. काकांनी गाडी एका वेगाला आणली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि स्टीअरिंगजवळच्या दांडीवरचं बटण दाबलं. मग पाय उचलून पायावर पाय टाकला.

गाडी चालतच राहिली. तसाच आवाज, तोच वेग.

अण्णा वाकून पेडलकडे बघत होते. छोटा चढ आला, तसं ते पेडल आपलं आपण खाली गेलं. कुणाचा पाय नाही, काही नाही!

"बघितलंस, शालन? बघितलंस का? भाता वढतोय!" अण्णा ओरडले, आणि हसायला लागले. तोंडावर हात घेऊन, खांदे हलवत, लहान पोरासारखे. मी त्यांना असं हसताना मिरजेला आल्यापासून बघितलं नव्हतं.

चढ संपला, उतार लागला. उताराला पेडल वर यायला हवं होतं. ते आलं नाही. होडीचा वेग वाढायला लागला. काकांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मांडीवरचा पाय खाली घेतला. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्या लावलेला, डुलत डुलत चाललेला.

काकांनी ब्रेक दाबला. ब्रेकला पाय लागला की यंत्रानं पेडल सोडायचं, असं निघताना त्यांनीच मला सांगितलं होतं. यंत्र सोडेना. इंजिन गुरगुरत पुढे ओढत होतं आणि काका सीटवरनं उठून ब्रेकवर उभे राहिल्यासारखे झाले होते.

"आयला, सुटंना! ताई, धरून बसा!"

मी पुढची सीट धरली. ट्रॉलीतल्या उसाचं पानन्पान दिसायला लागलं. काकांनी किल्ली फिरवून इंजिनच बंद केलं, दोन्ही हातांनी स्टीअरिंग ओढलं आणि होडी रस्ता सोडून एका शेताच्या वाटेवर उतरली, धडधडत गेली आणि बांधापाशी थांबली. ट्रॅक्टर आपला डुलत निघून गेला. त्याच्या गावीही नव्हतं.

काका स्टीअरिंगवर डोकं टेकून बसले. मी अजून पुढची सीट धरूनच होते.

अण्णा आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघून म्हणाले, "थांबलासा का? चांगली चालली हुती की!"

त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. इंजिनचा आवाज नाही, काकांचं ओरडणं नाही. त्यांना वाटलं, शेत बघायला थांबलो. दार उघडून ते खाली उतरले. बांधावर एक बाई शेरडं चारत होती, तिला मोठ्यांदा सांगायला लागले, "मोटार ह्यांची, पण आतला भाता माझ्या हातचा हाय!"

काकांनी बॉनेट उघडलं. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी हवेची नळी काढून बघितली, ती ठीक होती. साखळी ठीक होती. पण नळी काढली तरी भाता आकसलेलाच. काकांनी डबा सोडवून मागनं बघितला आणि ती कातड्याची टिकली त्यांना दिसली.

"हे काय लावलंय?"

"तिथं भोक होतं. गळत होतं म्हणून अण्णांनी बुजवलं."

काकांनी डोक्याला हात लावला. हलक्या आवाजात म्हणाले, "ते गळत नव्हतं, ताई. ते मुद्दाम ठेवलेलं हुतं. ब्रेक दाबला की इंजिनकडची हवेची वाट डब्यातच बंद होती. मग त्या भोकातनं भाईरची हवा हळूहळू आत शिरायची, भाता फुलायचा, साखळी ढिली पडायची. भोकच न्हाई, तर भाता सोडंल कसा? किटात गेलं हुतं ते भोक, मलाबी दिसलं नव्हतं."

मी अण्णांकडे बघितलं. ते त्या बाईला हातानं भात्याची घडी कशी घालतात ते दाखवत होते.

"असं करू," काका माझ्याकडे झुकून म्हणाले. "मी टाचणीनं भोक मोकळं करतो. मेस्त्रींना म्हणू, पेट्रोलमधी कचरा आला. म्हातारं माणूस, बघा की कसं खुललंय! कशाला मोडायचं त्येंचं मन?"

काकांचा हेतू चांगला होता, त्यात वादच नाही. माझ्याही मनात क्षणभर तेच आलं. सांगितलं आणि अण्णा पुन्हा पायरीवर जाऊन बसले तर? ह्या वेळी बसले तर मग कायमचे बसले असते. पण मला त्या दुकानात ओळीनं मांडलेल्या पेट्या दिसायला लागल्या. त्या गिऱ्हाइकांचे हेतूही चांगलेच होते. 'झकास, मेस्त्री.' पुन्हा तेच. आणि ह्या वेळी ते म्हणणारी मी, त्यांची मुलगी!

मी अण्णांजवळ गेले, त्यांचा दंड धरला आणि डाव्या कानात ओरडून सांगितलं, "अण्णा, तुमचं चुकलं. भोक बुजवायचं नव्हतं. त्यातनं हवा आत घ्यायची होती. भाता सुटला नाही, ब्रेक लागेना. ट्रॅक्टरवर जाऊन मेलो असतो आपण!"

शेरडंवाली तोंडाला पदर लावून बघत राहिली. "अहो ताई, अहो ताई," करत काका धावत आले. अण्णांचा चेहरा उतरला. एवढा उतरला, की माझं मलाच वाटलं, काय करून बसले मी हे!

अण्णा गाडीजवळ गेले. बॉनेटखाली वाकले. डबा हातात घेतला.

"मगदूम," ते म्हणाले, "ही म्हणती ते खरं हाय का?"

"तसं कायतरी किरकोळच हाय, मेस्त्री. आता एवढं..."

"किरकोळ नको. माझं चुकलं का न्हाई, तेवढं सांगा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगा म्हणून मान डोलवली.

"चुकलं, मेस्त्री," काका त्यांच्या कानात म्हणाले.

अण्णांनी टोपी काढली. डोकं खाजवलं. डबा उलटा केला, सुलटा केला. आणि एकदम अण्णांचा आवाज चढला.

"मग आधी सांगायला काय झालं हुतं तुमाला? तोंडात गूळ धरला हुता? डबा आणून आदळला आणि म्हणं भाता करा! हवा कुठनं येती, कुठं जाती, भाता धरायचा का सोडायचा, हे कोण सांगणार? मी काय अमेरिकेत जन्मलोय? पेटीचा भाता हवा सोडाय लागला तर लोक जोड्यानं मारत्यात आमाला! सोडणारा भाता पायजे हुता तर तसं बोलायचं! मोटारी दुरुस्त करतासा म्हणं! हिला आणि तुमाला घेऊन खड्ड्यात गेलो असतो म्हंजे?"

"चुकलं, मेस्त्री. माझंबी चुकलं," काका म्हणाले. भर शेतात, बाईमाणसांदेखत एवढी खरडपट्टी निघत होती आणि ह्या माणसाच्या तोंडावरचं हसू मावत नव्हतं. माझी तीच गत. मी हसत होते आणि पदरानं डोळे पुसत होते.

काकांनी खिशातनं टाचणी काढली, तसे अण्णा पुन्हा गरजले, "हात लावायचा न्हाई! टाचणी घुसडून भोक मोठं करशिला, मग भाता हवा धरणारच न्हाई. माझ्या दुकानातलं काम हाय, माझ्याच दुकानात हुईल. चला माघारी."

डबा मांडीवर घेऊन ते पुढच्या सीटवर बसले. काकांनी पायानं पेडल दाबत होडी हळूहळू मिरजेला आणली.

त्या दिवशी अण्णांनी लाख खरवडून काढली, भोक साफ केलं आणि ओल्या गालाशी धरून हवा किती हळू आत शिरते ते पुन्हा पुन्हा तपासलं. पुढच्या फेरीला त्यांनी काकांना सारखा ब्रेक मारायला लावला. दर वेळी पेडल उसासा टाकल्यासारखं वर आलं. काका तर डोळे मारून मारून दमले. होडी मग गावोगावच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना जात राहिली, पण ती मगदूमकाकांची हौस, त्यांनीच सांगावी.

माझी गोष्ट त्या फेरीनंतरच्या सकाळची. मी दुकान उघडलं तर अण्णा आधीच आत बसलेले. पुढ्यात एक जुनी पेटी उघडी ठेवलेली, सुराच्या पितळी पट्ट्या काढलेल्या, हातात बारीक कानस.

"बस समोर," ते म्हणाले. "मी घासतो, तू ऐक."

"अण्णा, मला कुठं सूर लावता येतो?"

"लावाय कोण सांगतंय? लावायचं माझा हात बघंल. तू लहानपणापासनं ह्याच आवाजात वाढलीस, चुकलं तर तुला कळंल. कळलं की तोंडावर सांगायचं. तोंड तर तुझं देवानं दिल्यालं हायच."

त्यांनी पट्टी घासली, बसवली, भाता दिला. मी ऐकलं. जोडीच्या पट्टीशी सूर जुळला की आवाज सरळ उभा राहतो, चुकला की थरथरतो. हा थरथरत होता.

"चुकलं," मी त्यांच्या कानात ओरडले.

अण्णांनी पट्टी काढली, पुन्हा घासली, पुन्हा बसवली.

"चुकलं."

पुन्हा.

"चुकलं, अण्णा!"

दुपारी आई जेवायला बोलवायला आली तेव्हा आमचं पहिलं सप्तकही पुरं झालं नव्हतं. मी त्यांना किती वेळा 'चुकलं' म्हटलं होतं, देव जाणे. माझा घसा बसला होता. अण्णा मात्र दर खेपेला मान डोलवत होते आणि कानस पुन्हा पट्टीवर टेकवत होते.